आंबट बाटली

आमच्या ओब्दुलियाला स्वस्थ बसणं माहीतच नव्हतं. गिऱ्हाईक नसलं की धुतलेला ग्लास पुन्हा धुवायची, पुसलेली फळी पुन्हा पुसायची, संत्र्यांचा ढीग मोडून पुन्हा रचायची. मी शेजारच्याच तव्यावर केसादिया, म्हणजे चीज भरलेल्या मक्याच्या पोळ्या, भाजत असायचे. मला ते बघूनच घाम फुटायचा. "अगं बये, टेक की जरा! संत्री काय पळून चाललीत?" म्हटलं की ती म्हणायची, "वन्सं, बसलं की डोक्यात नको ते येतं." काय येतं ते मला ठाऊक होतं, म्हणून मी पुढे खोदत नसे.

ती माझ्या धाकट्या भावाची, एवारिस्तोची बायको. एवारिस्तो मिनीबस चालवतो. त्या गाडीचा धूर असा, की वळणावर ती दिसायच्या आधी धूर दिसतो. आणि त्याच वळणावर त्याची बायको रसाची गाडी लावून उभी. बीट, गाजर, संत्रं, पेरू आणि वर मूठभर पार्सली, असा लालभडक रस करायची आणि पाटीवर लिहिलं होतं, 'धुराचा रस'. म्हणजे धुरावरचा उतारा. ड्रायव्हर, वाहतूक पोलीस, पेपरवाले सगळे सकाळी येऊन तो ढोसायचे. "ओब्दुलियाबाई, फुफ्फुसं धुऊन द्या लवकर, ड्युटी आहे!" अशी त्यांची थट्टा चालायची. मी म्हणायचे, नवरा काळी करतो आणि बायको धुते, घरचाच धंदा आहे.

हसायला ठीक होतं. पण घरातच मारिबेल होती.

मारिबेल त्यांची एकुलती एक. लहानपणापासून छातीत दमा. आमची वस्ती मेक्सिको शहराच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी. लोकांना वाटतं डोंगर जवळ म्हणजे हवा चांगली. कसलं काय! सगळ्या शहराचा धूर वारा उत्तरेकडून ढकलत आणतो आणि तो आमच्या डोंगराला अडून बसतो. वर आकाश निळंशार, ऊन लख्ख, आणि डोळे चुरचुरतायत, घसा खवखवतोय. तो ओझोन, दिसत नाही मेला. रेडिओवर रोज हवेचा आकडा सांगायचे, आणि आकडा चढला की शाळेत मुलांना मधल्या सुट्टीतही वर्गातच कोंडायचे. तशा दिवसांत मारिबेल रात्री उशीला टेकून बसूनच झोपायची. आईच्या हातचा तो लाल रस ती रोज सकाळी प्यायची, तरीही.

एवारिस्तो म्हणायचा, "पोरीला तुझ्या आईकडे पाठव. ओआहाकाच्या डोंगरात हवा आहे, शाळा आहे, आजी आहे. इथं ती गुदमरून मरेल."

त्याचं खोटं नव्हतं. पण ओब्दुलियाला हे ऐकवत नसे. ती स्वतः मारिबेलएवढी असतानाच तिच्या आईनं तिला बसमध्ये बसवून इथं धाडली होती, एका मोठ्या घरात भांडी घासायला. हातात वाळल्या मक्याच्या पोळ्यांचं गाठोडं. बाईसाहेबांनी सुट्टी दिली नाही, आईला यायला जमलं नाही. चांगली मोठी झाल्यावर पहिल्यांदा ही गावी गेली, दारात उभी राहिली, तर आईनं बाहेर येऊन ॲप्रनला हात पुसत विचारलं, "कोण हवंय, बाई?"

एवढंच. पण ओब्दुलिया ते विसरली नाही. मला सांगताना तिनं सुरी इतकी घट्ट धरली होती की मी ती हळूच काढून घेतली. "वन्सं, माझ्या पोरीनं मला एक दिवस तसं विचारलं तर? मी जिवंत राहीन?" एवारिस्तोशी भांडून तिनं शेवटी एवढं मिळवलं, की पावसाळा सुरू होईपर्यंत बघायचं. तोवर पोरगी सुधारली नाही तर ती गावी जाणार.

त्याच दिवसांत शाळेत डॉक्टर आरेओला आल्या. बारीक चणीच्या, डोळ्यांखाली काळं, सतत घड्याळ बघणाऱ्या. दम्याच्या मुलांच्या आयांना वर्गातल्या त्या बुटक्या बाकांवर बसवलं. मारिबेलची आत्या म्हणून मीही गेले होते. माझे गुडघे हनुवटीला लागत होते.

बाई म्हणाल्या, "ओझोन छातीच्या आतलं नाजूक अस्तर जाळतो. फळांतली काही जीवनसत्त्वं त्याच्या आड येतात, आधी स्वतः जळतात आणि अस्तर वाचतं, असं आम्हाला वाटतं."

ओब्दुलियानं मला कोपर मारलं. "ऐकलंत? तेच तर मी गिऱ्हाइकांना सांगते!"

"वाटतं," डॉक्टर म्हणाल्या, "पण खरं आहे का ते कुणालाच पक्कं माहीत नाही. म्हणून निम्म्या मुलांना आम्ही त्या जीवनसत्त्वांच्या कॅप्सूल देणार आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या कोऱ्या. कुणाला कुठल्या, ते मलाही सांगितलेलं नाही. औषधं आणि पंप नेहमीचे चालू ठेवायचे. जेवण, रस, जे रोज घेता ते तसंच. फक्त कॅप्सूल ज्याची त्यानंच घ्यायची."

"म्हणजे लॉटरीच की!" मागून कुणीतरी म्हणालं.

"माझ्या पोराला कोरी आली तर मी काय करू, पीठ गिळवू?" हे म्हणाली फिदेन्सिया, आणि सगळ्या हसल्या. डॉक्टर हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हो बाई, कदाचित पीठ. पण त्याशिवाय आपल्याला कळणार कसं?"

फिदेन्सिया ओब्दुलियाची कोमाद्रे. तिच्या पोराला, नासारियोला, बाप्तिस्म्याच्या वेळी ओब्दुलियानं हातात धरलं होतं, म्हणजे ती त्याची धर्माची आई. आमच्यात हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा जवळचं. एक वेळ बहिणीशी अबोला धरता येतो, कोमाद्रेशी नाही. फिदेन्सिया एकटी बाई, नवरा सीमेपलीकडे अमेरिकेत गेला तो गेलाच. ती पहाटेच कचेऱ्या झाडायला जायची, त्यामुळे नासारियो सकाळी ओब्दुलियाच्या गाडीवर यायचा, माझ्याकडचं काहीतरी खायचा, आणि मारिबेलबरोबर शाळेत जायचा. त्यालाही दमा. त्याची बाटलीही म्हणून ओब्दुलियाकडेच ठेवलेली. लिंबांच्या टोपलीमागे दोन बाटल्या, एकीवर मारिबेलचं नाव, एकीवर नासारियोचं.

आता, कॅप्सूल म्हणजे गिळायची वस्तू. कोण चाखतंय? पण ओब्दुलिया कसलीही गोष्ट जिभेला लावल्याशिवाय सोडत नाही. संत्र्याची साल, बिटाचा देठ, बाजारातली माती लागलेली गाजरं, सगळं. एका सकाळी पोरं शाळेत गेल्यावर तिनं दोन्ही बाटल्यांतली एकेक कॅप्सूल फोडली आणि तळहातावर पांढरी पूड टाकली.

"वन्सं, जरा इकडे या."

मी चाखलं. मारिबेलची आंबट. चांगली झणझणीत आंबट, कच्च्या लिंबासारखी. नासारियोची नुसती पिठूळ, काही चवच नाही.

"देवा!" मी म्हटलं. "अगं, आपल्या पोरीला खरी लागली!" मला इतका आनंद झाला की मी तिच्या गालाचा मुका घेतला.

ओब्दुलियाचा चेहरा मात्र पडला. ती तळहाताकडे बघत राहिली, मग ॲप्रनला हात पुसला, मग पुन्हा पुसला.

"आणि त्याचं काय?" ती म्हणाली.

"त्याचं काय म्हणजे? ज्याचं त्याचं नशीब. तू काय वाटप केलंस? गप्प राहा. डॉक्टरीणबाईनं काय सांगितलंय, ज्याची त्यानंच घ्यायची."

"मी त्याला चर्चच्या वेदीसमोर हातात धरलंय, वन्सं."

"धरलंस, पण पोटातून नाही काढलास! पावसाळा तोंडावर आलाय. पोरगी गावी गेली तर रडत माझ्याकडे येऊ नकोस."

माझं तोंड वाईट आहे, जग जाणतं. पण तेव्हा मी जे बोलले ते आजही बोलेन. आपल्या लेकराच्या तोंडातलं काढून दुसऱ्याला द्यायचं, हे मला पटत नाही.

चार-पाच दिवस ती अशी भिरभिरली की विचारू नका. गिऱ्हाइकाला सुटे द्यायची विसरायची, पेरू न धुताच चिरायची, एकदा तर वाहतूक पोलिसाला बिटाऐवजी माझा लाल चटणीचा वाडगाच मिक्सरमध्ये ओतून द्यायला निघाली होती. तो बिचारा ओरडला, "बाई, फुफ्फुसं धुवायचीत, जाळायची नाहीत!" सगळे हसले, ती हसली नाही. रोज सकाळी नासारियो तिच्यासमोर तोंड उघडून उभा राहायचा आणि ती त्याच्या जिभेवर ती कोरी कॅप्सूल ठेवायची. पोर म्हणायचं, "थँक्यू, धर्माई."

मग एके दिवशी मी तवा घासून मागे वळले तर ओब्दुलियाबाईंनी रसाच्या रिकाम्या जगमध्ये दोन्ही बाटल्या ओतलेल्या. वरखाली हलवलं, जणू बीट-गाजरच. आणि पुन्हा दोन्ही बाटल्या भरल्या.

"अगं मेले! काय केलंस हे?"

"दोघांना निम्मं-निम्मं," ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज शांत होता. "आता कधी कुणाला कुठली जाईल ते मलाही कळणार नाही. फिदेन्सियाला सांगायचं नाही, तिला ओझं होईल."

मी रागानं दिवसभर तिच्याशी बोलले नाही. मग संध्याकाळी तिनं मला रसाचा ग्लास आणून दिला आणि मी प्यायले. काय करणार!

मे महिना उजाडला. आमच्याकडे दहा मेला आईचा दिवस असतो, आणि त्या दिवशी शाळेच्या पटांगणात मुलं आयांसमोर नाच करतात. ज्या बाईचं पोर नाचात नाही, ती बाई दुसऱ्या दिवशी बाजारात मान खाली घालून चालते, इतकं त्याचं महत्त्व. मारिबेल पहिल्यांदाच नाचात होती. दमेकरी म्हणून आजवर तिला कुणी घेतलं नव्हतं. यंदा ती हट्ट करून उभी राहिली. ओब्दुलियानं तिच्यासाठी घेरदार परकर शिवला, फितींनी मढवला. "कॅप्सूल आहेत ना आता," म्हणून तिनं शाळेत चिठ्ठीही दिली, पोरीला नाचू द्या म्हणून.

सरावाच्या दिवशी रेडिओनं आकडा वाढल्याचं सांगितलं होतं. पण नाच दोन दिवसांवर आला होता, मग कोण ऐकतंय? मास्तरीणबाईंनी भर दुपारी मुलांना पटांगणात काढलं. पाय आपटून, गिरक्या घेऊन तोच नाच पुन्हा पुन्हा. तिसऱ्या खेपेला मारिबेल खाली बसली. ओठ निळे पडले. पंप ओढला, उपयोग झाला नाही.

शाळेचा शिपाई धावत आमच्या वळणावर आला. ओब्दुलियानं गाडी तशीच टाकली, मिक्सर चालू. मी तो बंद केला आणि तिच्यामागे पळाले. एवारिस्तोची मिनीबस नेमकी समोरून येत होती. त्यानं प्रवासी तिथंच उतरवले. "सगळे उतरा, पोरगी आहे माझी!" आणि कुणी भाडंसुद्धा परत मागितलं नाही. त्या धुरकट गाडीतूनच पोरीला दवाखान्यात नेली. नळी लावली, वाफ दिली, सुई टोचली. संध्याकाळी तिचा श्वास खाली आला. ओब्दुलिया पलंगाभोवती फेऱ्या मारत होती. मला म्हणाली, "वन्सं, तुम्ही म्हणाला होतात. मी माझ्या पोरीचा श्वास काढून दिला." मनात माझ्याही तेच होतं.

दुसऱ्या दिवशी मारिबेल घरी आली आणि पाठोपाठ फिदेन्सिया आली. कामावरचा झगा अंगावर, खिशात काहीतरी खुळखुळत होतं. खिशातून नासारियोची बाटली काढून तिनं टेबलावर ठेवली. येताना गाडीवरून, माझ्या डोळ्यांदेखत, उचलून आणली होती, म्हणून मीही तिच्यामागून आले होते.

"कोमाद्रे, रागावू नकोस," ती म्हणाली. "माझा नासारियो महिनाभर कसा ठणठणीत आहे, बघतेस ना. काल सगळ्या शाळेला खोकला आणि हा मस्त. म्हणजे खऱ्या कॅप्सूल आमच्याकडे आल्यात, आणि मारिबेलला बिचारीला पीठ. मला रात्रभर झोप नाही. यातल्या निम्म्या तुझ्या बाटलीत ओत. डॉक्टरीणबाईला कशाला कळतंय!"

ओब्दुलिया खुर्चीवर बसली. एवढ्या वर्षांत मी तिला अशी बसलेली पाहिली नव्हती. आणि मग तिला रडू फुटलं, ते थांबेना. हुंदक्यांतूनच तिनं सगळं सांगितलं, आंबट पूड, जगमध्ये मिसळलेल्या कॅप्सूल, सगळं.

फिदेन्सिया आधी लाल झाली, मग ओरडली. "तुझ्या पोरीच्या तोंडचं माझ्या पोराला घातलंस? आणि मला न विचारता? मी काय भिकारीण आहे? उद्या तिला काही झालं असतं तर मी कुठल्या तोंडानं जगले असते, कोमाद्रे?" आणि ओरडता ओरडताच तिनं ओब्दुलियाला मिठी मारली. दोघी रडतायत, आतून मारिबेल विचारतेय, "कोण मेलं?" मी म्हटलं, "कुणी नाही, झोप तू."

मग दोघी डॉक्टर आरेओलांकडे गेल्या, मीही. दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या आणि खरं सांगितलं. डॉक्टरबाईंनी चष्मा काढला, डोळे चोळले. "म्हणजे ही दोन मुलं गेली हातची," त्या म्हणाल्या. "यांचं आता मला काही मोजता येणार नाही. बाई, तुम्हाला कळतंय का? अशा दहा जणींनी केलं तर इतक्या मुलांचे कष्ट पाण्यात." त्या चिडल्या होत्या आणि त्यांचं चुकत नव्हतं. ओब्दुलिया मान खाली घालून ऐकत राहिली.

मग तिनं विचारलं, "मी निम्म्या काढल्या नसत्या तर मारिबेलला झटका आला नसता ना?"

डॉक्टरांनी उलट विचारलं, "नासारियो त्या वेळी कुठं होता?"

"वर्गात," फिदेन्सिया म्हणाली. "त्याला नाचात घेतलं नव्हतं."

"आणि मारिबेल?"

भर उन्हात, पटांगणात, उड्या मारत. आम्हा तिघींनाही ते ठाऊकच होतं. एवढा वेळ आम्ही बाटल्यांकडेच बघत होतो.

"त्या कॅप्सूलनं कदाचित थोडा आधार मिळत असेल," डॉक्टर म्हणाल्या, "ज्यांची छाती जास्त नाजूक आहे त्यांना थोडा जास्त. कदाचित. तेच तर शोधतेय मी. पण पूर्ण बाटली दिली असती तरी त्या दुपारी ती पटांगणात पडलीच नसती असं मी म्हणू शकत नाही. रस द्या, फळं द्या, चांगलंच आहे. पण पोरीला अशा हवेत पळवायची आणि वरून पेरू खिलवायचा, हे कसं चालेल?"

परत येताना ओब्दुलिया तरातरा पुढे चालली होती. वळणावर आली, गाडीवरची 'धुराचा रस' ही पाटी काढली आणि उलटी करून ठेवली. मग मला म्हणाली, "वन्सं, मिक्सर चालवता येईल तुम्हाला?"

"का?"

"पोरगी गावी जाईल. पण एकटी नाही जायची. मी तिच्याबरोबर जाते."

एवारिस्तो आधी उसळला. "आणि मी? मला कोण बघणार?" मी त्याला म्हटलं, "तू मोठा घोडा झालास, तुला मी बघेन. सणाला जा, गाडी आहे ना तुझी! पण ती धुराची नेऊ नकोस, रीतसर बसनं जा." तो चिडला, मग बाहेर जाऊन बराच वेळ गाडीचं इंजिन उघडून बसला. दुरुस्त मात्र काही झालं नाही.

बसतळावर फिदेन्सिया नासारियोला घेऊन निरोप द्यायला आली. बस सुटायला आली तेव्हा ओब्दुलिया पायरीवरून पुन्हा खाली उतरली.

"कोमाद्रे, याचे कपडे कुठायत?"

"कुणाचे?"

"नासारियोचे. याची छाती काय लोखंडाची आहे? वाटायचं तर धड वाटू. हवा आहे तिथं, दोघांना पुरेल."

फिदेन्सियानं पोराला पोटाशी धरलं. "नाही. नाही. मला नको. माझं दुसरं कोण आहे?"

तेव्हा ओब्दुलियानं तिला तिच्या आईची गोष्ट सांगितली, बसच्या पायरीशी उभ्या उभ्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय तरी. दार, हात पुसणं, "कोण हवंय, बाई", सगळं. मग म्हणाली, "माझी आई आली नाही. तू ये. दर सणाला ये, सुट्टी नाही मिळाली तर काम सोडून ये, झाडायला कचेऱ्या काय कमी आहेत! तू आलीस तर तो तुला विसरणार नाही. शपथ घे." फिदेन्सियानं शपथ घेतली. पुढच्या रविवारी तिनं स्वतःच नासारियोला कपड्यांच्या पिशवीसकट गावी पोचवलं.

आता रसाची गाडी मी चालवते. पाटी पुन्हा सुलटी लावली, कारण गिऱ्हाईक मागतं. पोलीस विचारतो, "आत्याबाई, खरंच धुतं का हे?" मी सांगते, "पी, थोडंसं धुतं असेल. पण सिग्नलला उभा राहतोस तेव्हा तोंडाला फडकं बांध." डॉक्टरबाई एकदा येऊन रस पिऊन गेल्या. त्यांचं मोजणं अजून चालूच होतं.

मृतांच्या सणाला, म्हणजे आमच्या पितरांच्या दिवसांत, मी आणि फिदेन्सिया मिळून गावी गेलो. तिनं एकही सण चुकवला नव्हता. चढ चढताना मला वरूनच ओब्दुलियाचा आवाज ऐकू आला, आईशी भांडत होती. चूल घराबाहेर हलवायची म्हणून. शहरातला धूर सोडून आले आणि तुझ्या चुलीत जीव देऊ का, असं काहीतरी. म्हातारी म्हणत होती, मी जन्मभर याच चुलीपाशी बसले, मला काय झालं? आणि म्हणता म्हणता खोकत होती.

फिदेन्सिया दारापाशी पोचली आणि थबकली. मला म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही व्हा पुढे." दर वेळी तिचं असंच होतं म्हणे.

तेवढ्यात वरच्या शेतातून दोन पोरं धावत खाली आली, दगडांवरून उड्या मारत. मारिबेल थोडी धापत होती, पण धावत होती. नासारियो तिच्या पुढे. त्यानं अर्ध्या वाटेतूनच ओरडायला सुरुवात केली, "आई! आई! आई आली!" आणि दारातून ती म्हातारी, ओब्दुलियाची आई, ॲप्रनला हात पुसत बाहेर आली. तिनं फिदेन्सियाकडे बघितलं, आणि मागे वळून लेकीला हाक मारली, "ओब्दुलिया, तुझी कोमाद्रे आलीय, पाणी आण."